ळ नसलेला कळफलक

बाबांना ऐकू येईनासं झालं तेव्हा ते मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त होऊन गावी राहत होते. आधी एक कान गेला, मग दुसरा. मी पुण्याहून ऐकायचं यंत्र नेऊन दिलं. ते त्यांनी आठवडाभर लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. "त्यात सगळ्यांचंच ऐकू येतं," म्हणाले. मी लग्न होऊन पुण्यात वारज्याला आले होते, आई आधीच गेली होती, आणि पानशेतच्या रस्त्याला डोंगरात आत असलेल्या आमच्या गावात ते एकटे होते. पंचायतीत टेलिफोन होता, पण ज्याला ऐकू येत नाही त्याला टेलिफोनचा काय उपयोग. मोबाइलची रेंज डोंगराअलीकडेच अडायची. अधूनमधून त्यांचं पत्र यायचं, त्यात माझ्या आधीच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढलेल्या असायच्या. बाकी आमच्यात बोलणं असं उरलं नव्हतं.

मी एका छोट्या संस्थेत नोकरी करत होते. आमची संस्था खेड्यांना स्वस्तात बिनतारी इंटरनेट द्यायची. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तिथून अमेरिकेशी रात्रंदिवस बोलणं चाललेलं होतं, आणि तिथून मोटारसायकलवर जाता येईल अशा गावांना तार ओढून द्यायला कुणी तयार नव्हतं. तार महाग, गिऱ्हाईक कमी. आमचे सर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं एवढंच, की तार नको, नजर पाहिजे. वारज्यातल्या आमच्या ऑफिसच्या गच्चीवर लोखंडी खांब उभा करून त्यावर अँटेना लावली होती. गावातल्या सगळ्यात उंच जागी दुसरी लावायची. दोघींना एकमेकी दिसल्या की झालं. मधे झाड, डोंगर, इमारत काही येता कामा नये. बाहेर लावायचं तयार खोकं परवडत नव्हतं म्हणून आम्ही मशीन स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचो, वायरसाठी भोक पाडायचो आणि कडेनं सील भरायचो. माझ्या घरातले असे किती डबे डोंगरांवर गेले याचा हिशेब नाही. कॉम्प्युटर यायचे ते नवऱ्याच्या कंपनीतून. तिथे ते दोन-तीन वर्षांतच म्हातारे व्हायचे आणि आमच्याकडे येऊन पुन्हा तरुण व्हायचे.

आमच्या गावाची पाळी आली तेव्हा अँटेना पाण्याच्या टाकीवर बसली आणि केंद्र आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात सुरू झालं, कारण पंचायतीच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते हे कुणालाच माहीत नव्हतं. ही टाकी झाली तेव्हा नळ आमच्या वस्तीत सगळ्यात शेवटी आला होता. नेट पहिलं आलं. बाबांनी टाकीकडे बघून विचारलं, "ही प्रगती म्हणायची का नजरचूक?" सर हसले. बाबांना ते हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं, आणि ते खूश झाले.

केंद्र चालवायला चुलतभावाची बायको पुढे आली. मी तिला वहिनी म्हणते. बाबांचं दोन वेळचं जेवणही तिच्याकडूनच जायचं. तासाला भेळेच्या प्लेटीएवढे पैसे, विद्यार्थ्यांना त्याहून कमी. फुलं लावणारे लोक गुलटेकडीच्या बाजारातला भाव बघायला यायचे, मुलं निकाल बघायला. हडपसरला कामाला गेलेल्या एकाची आई फक्त त्याचा फोटो पडद्यावर बघायला यायची आणि पैसे ठेवून जायची. आणि रोज दुपारी बाबा यायचे.

त्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं दिसायची नाहीत, त्यांच्या जागी पोकळ चौकोन यायचे. त्यामुळे सगळे लिहायचे तसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. बाबा कीबोर्डला कळफलक म्हणायचे, की म्हणजे कळ. एका बोटानं एकेक कळ शोधून त्यांनी मला पहिलं वाक्य लिहिलं:

"ya kalfalakavar la nahi."

मी लिहिलं, "aahe ki. L bagha." त्यांचं उत्तर आलं:

"to la navhe. mala la pahije."

मी ऑफिसात मोठ्यानं हसले. त्यांना ल नको होता, ळ हवा होता, आणि ते सांगायलाही त्यांना ल-शिवाय गत्यंतर नव्हतं.

हा हट्ट हौसेचा नव्हता. आजोबांनी धम्म स्वीकारल्यानंतर बाबा शाळेत जायला लागले, तेव्हा वर्गात त्यांना कुणीतरी म्हटलं होतं की तुमच्या तोंडी ण आणि ळ कुठून येणार. बाबांनी ते दोन्ही असे कमावले, की पुढे पुण्यात पेठेत कुणाशी बोलले तरी समोरचा जरा सरळ बसायचा. वर्गात पानी म्हणणाऱ्या मुलाला ते मारायचे नाहीत. त्याला पाणी मिळेपर्यंत तिथेच उभं करायचे. मलाही केलं आहे. आता त्यांच्या हातात असा फलक आला होता, ज्याच्या नावातच ळ होता आणि ज्याच्यावर ळ नव्हता. "या दारिद्र्यात लिहावं लागणार," असं त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, आणि लिहीत राहिले.

रोज वहिनी आधी एक ओळ टाकायची: "guruji aale". गाव त्यांना गुरुजीच म्हणायचं. मग मी हातातलं काम सोडून चॅटची खिडकी उघडायची. ते गेले की पुन्हा तिचीच ओळ: "guruji gele". म्हणजे मी कामाला लागायला मोकळी. मधल्या वेळात बाबा बोलायचे. आयुष्यभर ज्या माणसाशी माझं हो आणि नाहीच्या पलीकडे गेलं नव्हतं, तो माणूस आईबद्दल बोलायला लागला. आई आमटीत गूळ जास्त घालायची आणि आपण कधी तसं म्हटलं नाही. मी पहिलीत असताना एकदा शाळेतून हरवले होते आणि ते वर्ग तसाच टाकून ओढ्यापर्यंत पळत गेले होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऐकू येत होतं तोवर आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून पेपर वाचत होतो, ही गोष्ट मला आता हास्यास्पद वाटते. निघताना ते लिहायचे, "udya chatit bhetu". चॅटमध्ये नाही, चॅटीत. परका शब्द घरात आला तर त्यानं आपला प्रत्यय लावून वावरावं, असं त्यांचं मत होतं.

त्याच सुमारास आम्ही फ्लॅट बुक केला. वारज्याच्या उताराला, सातवा मजला, हॉलमधून डोंगर दिसतील असा. इमारत वर यायला लागली तशी एक दिवस सरांनी नकाशावर दोरा धरला. एक टोक आमच्या गच्चीवर, दुसरं गावच्या टाकीवर. मग चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"अभिनंदन," म्हणाले. "तुमचा हॉल बरोबर मधे येतोय."

मी बाबांना कळवलं. त्यांनी लिहिलं, घर होतंय हे चांगलं, नेटचं काय ते होईल. पण स्लॅब चढत गेले तसं नेट येऊ-जाऊ लागलं. सकाळी चांगलं, दुपारी अर्धवट, क्रेन फिरली की गायब. आमच्या गावापलीकडच्या गावांचंही तसंच, कारण त्यांना आमच्याच टाकीवरून पुढे दिलं होतं. दिवसभर मला तेच ऐकावं लागायचं. येतंय, जातंय, आलं होतं, गेलं. प्रत्येकाला मी शांतपणे सांगायची की एक बांधकाम मधे आलंय. कुणाचं ते सांगायची नाही. हळूहळू असं झालं, की कुणी नुसतं रेंज गेली म्हटलं तरी मला वाटायचं, हा माझ्या घराबद्दल बोलतोय. मला लाज वाटत होती आणि त्या लाजेचा राग येत होता.

अशात एका दुपारी वहिनीची ओळ आली आणि पाठोपाठ बाबांची:

"chatit kal yet hoti madhun madhun. mag geli. tula kalavave mhatle."

मी ते वाचलं: चॅटीत काल येत होती मधून मधून. मग गेली. तुला कळवावे म्हटले.

रेंज. काल रेंज येत होती मधून मधून, मग गेली. सकाळपासून मी हेच वाक्य वेगवेगळ्या गावांच्या तोंडून ऐकत होते. आता बाबाही, असं मनात आलं. मी जरा तुटकपणे लिहिलं, हो बाबा, माहीत आहे मला. बघते. दोन-तीन दिवसांत नीट होईल.

उत्तर आलं, "bara. tu baghtes tar kalji nahi." बरं. तू बघतेस तर काळजी नाही.

आणि मी खरंच बघितलं. सरांना म्हटलं, इमारत हटणार नाही तर इमारतीवरच चढू या. तिच्या माथ्यावर एक अँटेना ऑफिसकडे तोंड करून, एक गावाकडे. बिल्डरनं संस्थेला दारातूनच परत पाठवलं असतं, पण मी फ्लॅट घेतलेली बाई होते. "मॅडमना काय हवंय ते बघा," असं त्यानं साइटवरच्या माणसाला सांगितलं. तेवढ्यात मधे एक सुट्टी आली, खांब वेल्डिंगला अडकला. बाबांची ओळ त्या दिवसांत आली नाही. नेटच नव्हतं, तर येणार कुठून.

ज्या दिवशी चढलो त्या दिवशी ऊन चांगलं होतं. जिन्याला कठडे नव्हते, म्हणून पर्स आणि मोबाइल मी खाली साइट ऑफिसात ठेवला. वरच्या उघड्या स्लॅबवर सरांनी खांब धरला, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे सांगत होते. जरा डावीकडे. अजून. मागे या. तिथून आमच्या गावची टाकी नुसत्या डोळ्यांनी दिसत होती, पांढऱ्या खडूच्या तुकड्याएवढी. मग आकडा एकदम चढला आणि तिथेच थांबला. इतकी चांगली रेंज त्या गावाला पहिल्या दिवशीही मिळाली नव्हती. सर म्हणाले, "आता कुणाला तक्रारीला जागा नाही." मला बरं वाटलं. बाबांना आज लिहायचं, की तुमची तक्रार मिटवली, असं मी मनात म्हणत होते.

लॅपटॉपवर खिडकी आपोआप उघडली. वहिनीची ओळ होती:

"guruji gele."

मी घड्याळ बघितलं. त्यांची यायची वेळ आत्ताशी होत होती. मी लिहिलं, "evdhyat? thambayche na."

तिनं लिहिलं, "nahi thambale."

मी लिहिलं, "ata range changli aahe. parat bolav."

मी आकडा पुन्हा बघितला. रेंज पूर्ण होती. मग आलं, "tai phone ghe."

फोन खाली साइट ऑफिसात होता. जिना उतरताना मला कळलं होतं की नव्हतं, हे मी आज सांगू शकत नाही. एवढं आठवतं, की मी प्रत्येक मजल्यावर सावकाश, भिंतीला हात लावत उतरले, आणि आमच्या मजल्यावर आल्यावर आपलं दार कुठे येणार ते बघून घेतलं.

गावी पोचलो तेव्हा ते समाजमंदिरात होते. कॉम्प्युटरची टेबलं भिंतीशी सरकवून मधे जागा केली होती. लोक उठून उभे राहिले. मला रडू आलं नाही. मी त्यांच्या पायाशी बसले आणि बघितलं, की त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट जरासं पुढे आहे. ते तसंच असायचं, खडूमुळे. नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो मला लाकडाचा वाटत होता.

वंदना झाली, सगळं झालं. नंतर वहिनी माझ्यापाशी येऊन बसली. ती रडून दमली होती.

"दुखणं असं न्हाईच काय," ती म्हणाली. "चार-पाच दीस आदी छातीत कळ येत व्हती म्हनले. मदनं मदनं. मग गेली. मी हातानं खुनवून म्हनलं, चला, पुन्याला दवाखान्यात जाऊ, गाडी करते. तर म्हनले, नको. पोरीला कळवलंय. ती बघते म्हनली, दोन-तीन दिवसांत नीट हुईल म्हनली. तू मोठ्या दवाखान्यात इचारत आसशील आसं वाटलं त्यास्नी. पुन्यांदा आली तरी बोलले न्हाईत. पोरगी बघतीय म्हनायचे."

कळ. पाण्याला पानी म्हणणाऱ्या वहिनीच्या तोंडून तो ळ स्वच्छ आला. छातीत कळ येत होती मधून मधून. मी तो आवाज ऐकला आणि ते वाक्य पडद्यावर होतं तसं, त्याच अक्षरांत माझ्यासमोर उभं राहिलं. एकही अक्षर बदललं नव्हतं. चॅट काय आणि छाती काय, त्या फलकावर दोन्ही एकाच कळांनी उमटतात. माझ्या बाबांनी जन्मात अशुद्ध वाक्य लिहिलं नाही. तेही लिहिलं नव्हतं.

"हो," मी वहिनीला म्हटलं. "मी बघत होते."

ती मला चहा आणायला गेली.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी नोकरीवर जात राहिले. भाजी आणत राहिले. नवऱ्याला मी ती ओळ लिहून दाखवली. त्यानं दोनदा वाचली आणि म्हणाला, कुणीही असंच वाचलं असतं. ते खरं होतं. मला त्याचा उपयोग झाला नाही. मला दुःख होत होतं असंही म्हणता येणार नाही. इंजेक्शन दिलेल्या दाढेसारखं सगळं जागेवर होतं आणि माझं नव्हतं. एकच गोष्ट टोचायची, आणि तीही ठराविक वेळी: दुपारी खिडकी उघडायची वेळ झाली की. ते डॉक्टरची वाट बघत होते आणि मी त्यांच्यासाठी रेंज आणली.

यथावकाश आम्ही त्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. अँटेना वरच राहिली. सोसायटी झाल्यावर गच्चीच्या दारावर पाटी लागली: अँटेनेच्या खांबावर कपडे वाळत घालू नयेत. आपले कपडे वाळतात, पण गावे बंद पडतात. त्या गच्चीवरून पुढे बऱ्याच गावांना नेट गेलं आणि ते चांगलं चाललं. लोक संस्थेचं कौतुक करायचे. सर म्हणायचे, याचं श्रेय मॅडमच्या फ्लॅटला. त्यांना काही माहीत नव्हतं. मी हसायची. हॉलमधून डोंगर दिसतात, आणि हवा स्वच्छ असली की टाकीही दिसते. तिच्या आणि माझ्यामध्ये काहीच नाही.

एक सवय मात्र लागली. कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं आणि त्यात kal आलं, की मी फोन करते. ऑफिसात यावरून माझी थट्टा चालते. kal aalo hoto असं साधं कुणी लिहिलं, तरी मॅडम फोन लावून विचारणार, काल की कळ. कळ कुठली, असं एकानं विचारलंही. मी विचारते. बाबांना असा फोन लावता आला नसता हे मला ठाऊक आहे, तरी मी विचारते.

आता गावात मोबाइलला रेंज आहे. फोनवर मराठी कळफलक आहे, त्यावर ळ आहे, ण आहे, सगळं आहे. पण वहिनीच्या बोटांना जुनं वळण लागलं ते लागलं. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. परवा तिचा निरोप आला, "gudghyat kal aahe 2 divas." मी स्वयंपाक टाकून फोन लावला.

"वहिनी, गुडघ्यात कळ ना?"

"कळच की," ती म्हणाली. "दुसरं काय आसनार?"